करंट ठरवतं कोण?

स्वयंपाकघरात नवा प्लग काढायचा असो, गिझरची वायर बदलायची असो किंवा एमसीबी सारखा पडत असो, मुळाशी प्रश्न एकच असतो: या उपकरणातून किती करंट जाणार, आणि ते ठरवतं कोण? कारागीर एक उत्तर देतो, पुस्तक दुसरं. दोन्ही उत्तरं नीट ऐकता यावीत म्हणून इथे ती समोरासमोर बसवली आहेत. एका बाजूला घरांचं वायरिंग करणारे वायरमन, दुसऱ्या बाजूला शाळेत विज्ञान शिकवलेल्या बाई. माणसं कल्पित आहेत, मतभेद मात्र खरा आहे. घरातली वायर गार राहणार की भिंतीत जळणार, हे त्याच्या निकालावर अवलंबून असतं.

वायरमन: बाई, आमचा धंदा एका गोष्टीवर उभा आहे. लाइनीला २३० व्होल्ट आहेत आणि ते आपल्या जागी आहेत. करंट किती घ्यायचा ते लोड ठरवतो. शंभर वॅटचा जुना बल्ब लावा, अर्ध्या अँपिअरच्या आतच राहील. त्याच लाइनीवर दोन हजार वॅटचा गिझर लावा, पावणेनऊ अँपिअर घेईल. लाइन तीच, उपकरण बदललं. म्हणून घरात शिरल्यावर मी आधी विचारतो, काय काय लावणार आहात? त्यावरून वायर, त्यावरून सॉकेट, त्यावरून एमसीबी.

बाई: हिशेब बरोबरच आहे, भाऊ. माझं म्हणणं कारणाबद्दल आहे. गिझरच्या पोटात एक तापणारी तार असते. तिचा रोध सुमारे साडेसव्वीस ओहम. जर्मनीत गेऑर्ग ओहम यांनी १८२७ साली आपल्या पुस्तकात जो नियम मांडला तोच इथे चालतो: दाबाला, म्हणजे व्होल्टेजला, रोधाने भागा, करंट मिळतो. २३० भागिले साडेसव्वीस, झाले ८.७ अँपिअर. यात गिझरने ठरवलं असं काहीच नाही. दाब पुरवठ्याचा, रोध तारेचा, आणि करंट म्हणजे त्या दोघांचा भागाकार.

वायरमन: पण दाब तर सगळ्या घरात एकच. म्हणजे फरक पडतो तो उपकरणामुळेच ना? आमच्या कोपऱ्यावरची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, शंभर केव्हीएची आहे. एका फेजला १३३ अँपिअर द्यायची तिची ताकद. ते १३३ अँपिअर काही तुमच्या बल्बात घुसत नाहीत. लोकांना भीती वाटते, मोठ्या लाइनीवर छोटं यंत्र लावलं तर जळेल का. मी सांगतो, लाइन कितीही मोठी असू दे, यंत्र लागेल तेवढंच घेणार.

बाई: बल्बात घुसत नाहीत, कारण बल्बचा रोध आडवा उभा आहे. तो काढून टाका. फेज आणि न्यूट्रल थेट एकमेकांना चिकटू द्या. घरात शेकडो अँपिअर आणि डीपीपाशी हजारो अँपिअर एका क्षणात धावतील. तुमच्या एमसीबीवर चौकटीत ६००० किंवा १०००० असा आकडा छापलेला असतो, तो याच प्रसंगासाठी: एवढ्या अँपिअरचा शॉर्ट तो स्वतः न फुटता तोडू शकतो. आता सांगा, शॉर्ट झाला त्या क्षणी एवढा करंट कुठल्या यंत्राला लागत होता?

वायरमन: शॉर्ट हा बिघाड झाला. मी रोजच्या चालीचं बोलतोय.

बाई: मग रोजचंच घेऊ. संध्याकाळी दाब उतरून २०० वर आला. गिझरवर २००० वॅट छापलेले तसेच आहेत. तुमच्या म्हणण्याप्रमाणे त्याने लागेल तेवढं घ्यायला हवं. प्रत्यक्षात करंट उतरतो साडेसातवर आणि उष्णता पंधराशे वॅटवर. पाणी उशिरा तापतं. दाब आठवा हिस्सा घटला आणि उष्णता जवळजवळ चौथा हिस्सा घटली, कारण दाब उतरला की करंटही उतरतो आणि उष्णता त्या दोघांच्या गुणाकारावर ठरते. गिझरला गरज होती, पण ती भागली नाही.

वायरमन: गिझर, इस्त्री, शेगडी, यांना तुमचं गणित चपखल बसतं. आता तेच मोटारीला लावून दाखवा. विहिरीवर पाच एचपीची मोटार आहे. दाब उतरला की तुमच्या भागाकाराने करंट कमी व्हायला हवा. स्टार्टरवरच्या अँपमीटरचा काटा मात्र वर जातो. मोटार तापते, वास येतो, आणि वाइंडिंग जळालं की शेतकरी ती खांद्यावर टाकून रिवाइंडिंगवाल्याकडे जातो. कमी दाबात जास्त करंट. हे ओहमच्या पुस्तकात आहे का?

बाई: नुसत्या त्या भागाकारात नाही, हे मान्य. मोटार म्हणजे निव्वळ तार नव्हे. ती फिरू लागली की तिच्या फिरण्यातूनच पुरवठ्याच्या विरुद्ध असा उलटा दाब तयार होतो. १८३४ साली लेंझ यांनी सांगितलेला नियम तोच: चुंबकामुळे उपजलेला करंट आपल्या कारणालाच विरोध करतो. म्हणून फिरती मोटार थोडाच करंट जाऊ देते. थांबलेल्या मोटारीत हा विरोध नसतो, आणि तिच्यातून नेहमीच्या पाच ते सात पट करंट जातो. पाणी उपसायचं ओझं तेवढंच राहिलं आणि दाब दहा टक्के उतरला, तर मोटारीचा फिरवायचा जोर जवळजवळ वीस टक्के उतरतो. रोटर किंचित मागे पडतो, उलटा दाब कमी पडतो, करंट वाढतो, आणि तेव्हा कुठे ते ओझं पेललं जातं.

वायरमन: म्हणजे मोटार तिच्या ओझ्याप्रमाणे करंट घेते. मी वेगळं काय म्हणत होतो? आणि हे घरातही बघा. मिक्सरमध्ये खोबऱ्याचा तुकडा अडकला, पातं थांबलं, तर आवाज बदलतो आणि खालचं लाल बटण उडतं. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना दिवा क्षणभर मंद होतो. म्हणून अशा लाइनीवर मी सी प्रकारचा एमसीबी घालतो. सुरुवातीचा झटका तो सोसतो, आणि पाच ते दहा पटीच्या पुढे गेला की मगच झटक्यात पडतो. बी प्रकारचा घातला तर तीन ते पाच पटीतच पडेल, आणि गिऱ्हाईक मला रोज फोन करेल.

बाई: इथे तुमचा अनुभव माझ्या फळ्यावरच्या गणितापेक्षा पुढे आहे, हे मला मोकळेपणाने मान्य आहे. रोध हा उपकरणावर कायमचा छापलेला आकडा नसतो. जुन्या शंभरच्या बल्बची तार तापल्यावर ५२९ ओहम भरते, गार असताना मात्र तिचा रोध त्याच्या दहाव्या-पंधराव्या हिश्शाइतकाच असतो. म्हणून असे बल्ब बहुतेक वेळा बटण दाबल्याच्या क्षणीच जायचे.

वायरमन: आणि आता तर घरात निम्मी यंत्रं अशी आहेत की ती दाबाला जुमानतच नाहीत. टीव्ही, एलईडी दिवे, लॅपटॉप. चार्जर उलटा करून वाचा, १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं. दाब उतरला तर तो जास्त करंट घेतो, चढला तर कमी, वॅट तेवढेच. लोक विचारतात, ६५ वॅटच्या चार्जरला छोटा फोन लावला तर फोन फुटेल का? मी म्हणतो, चार्जरवरचा आकडा ही त्याची कमाल ताकद आहे. किती घ्यायचं ते फोन बघून घेईल.

बाई: फोनच्या बाबतीत तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात. टाइप-सीची वायर जोडली की चार्जर आधी फक्त ५ व्होल्ट देतो. मग फोन आणि चार्जर यांच्यात त्याच वायरीतून संदेशांची देवाणघेवाण होते. दोघांचं जमलं तर चार्जर दाब ९ व्होल्ट किंवा त्याहून वर नेतो. बॅटरी भरत आली की फोन स्वतःच करंट कमी करत जातो. इथे मागणी आहे, होकार आहे, मर्यादा आहे. पण हे सगळं त्या दोन वस्तूंमध्ये मुद्दाम बसवलेलं शहाणपण आहे. भिंतीतल्या प्लगमध्ये त्यातलं काहीच नाही. फोनवरून आलेला विश्वास लोक सगळ्या घरावर पसरवतात, त्याची मला काळजी वाटते.

वायरमन: कसली काळजी? यंत्र आपल्यापुरतं घेतं हे कळलं म्हणजे माणूस निर्धास्त होतो.

बाई: निर्धास्त होतो, म्हणूनच. प्रत्येक जण आपल्यापुरतं बघतो, आणि दाब तर सगळ्यांचा मिळून असतो. रब्बीच्या दिवसांत तुमच्या गावात काय होतं?

वायरमन: लाइट आली की सगळ्या मोटारी एकदम उठतात. बऱ्याच जणांनी ऑटो-स्विच लावलेले असतात, शेतात जायची गरजच नाही. एकाच वेळी सगळ्यांचा सुरुवातीचा झटका डीपीवर येतो, दाब कोसळतो. दाब कोसळला की मोटारी जास्त करंट घेतात, तेवढ्याने दाब आणखी उतरतो. शेवटी डीपी जळते आणि ती बदलून येईपर्यंत पीक सुकतं. महावितरण दर हंगामात सांगतं, ऑटो-स्विच काढा, कॅपॅसिटर बसवा. कॅपॅसिटर बसवला की मोटारीच्या चुंबकाला लागणारा करंट तिथल्या तिथे भागतो, डीपीवरून तेवढा कमी ओढला जातो. ऐकणारे थोडे.

बाई: मग यात करंट ठरवला कोणी? एकेका मोटारीने ठरवला म्हणाल, तर शेजारच्या मोटारीमुळे तिचा करंट का वाढला? फेजची तार, डीपीचं वाइंडिंग, शेजाऱ्यांच्या मोटारी, या सगळ्यांनी मिळून तो ठरवला. करंटची वाट डीपीपासून निघते आणि डीपीपाशीच मिटते. त्या वाटेवर जे जे आहे, त्या प्रत्येकाचा त्या आकड्यात वाटा असतो.

वायरमन: वाट म्हणालात तर वायरीचं मी सांगतो, कारण ते माझ्या हातचं काम आहे. गिझर बोर्डापासून वीस मीटरवर आहे. जाऊन-येऊन चाळीस मीटर तांबं. अडीच स्क्वेअरची वायर ओढली तर तिचा रोध साधारण ०.३ ओहम. एक स्क्वेअरची ओढली तर पाऊण ओहम. गिऱ्हाईक म्हणतं, पाणी तर दोन्हीत तापतं, मग स्वस्तातली टाका. पण गिझर चालू असताना अडीचच्या वायरीत सुमारे २३ वॅट उष्णता निघते, एकच्या वायरीत ५७. ती बंद पाइपात, प्लॅस्टरच्या आत.

बाई: जूल यांनी १८४१ साली दाखवलं ते हेच. करंट दुप्पट झाला तर उष्णता चौपट. म्हणजे त्याच बारीक वायरीवर दोन गिझर एकदम लावले तर ५७ च्या जागी सव्वादोनशे वॅट. आता एमसीबीचं बोलू. लोक म्हणतात, एमसीबी आहे, काळजी नाही. तुम्ही काय सांगता?

वायरमन: एमसीबी वायरीचा राखणदार आहे, यंत्राचा नव्हे. पहिली गोष्ट, १६ चा एमसीबी १६ वर लगेच पडत नाही. दीडपटीच्या आसपास, म्हणजे २३ अँपिअर सतत राहिला, तर त्याने तासाभरात पडावं असा नियम आहे. मोठा शॉर्ट तो पापणी लवायच्या आत तोडतो, पण थोडासा जादा भार बराच वेळ सोसतो. दुसरी गोष्ट, तो भिंतीतल्या वायरीच्या मापाने निवडलेला असतो. त्याच्या पुढे कोणी एक्स्टेन्शन बोर्ड लावला, बारीक दोरीसारख्या वायरीचा, ६ अँपिअरच्या सॉकेटचा, आणि त्यावर पंधराशेची किटली आणि हजारची इस्त्री एकदम चालवली, तर करंट होतो जवळजवळ अकरा. मागच्या १६ च्या एमसीबीला यात काहीच वावगं दिसत नाही. आणि पुढे बोर्ड वितळत असतो.

बाई: किटलीने आपल्यापुरतं घेतलं, इस्त्रीने आपल्यापुरतं घेतलं, दोघींचीही चूक नाही. तरी बोर्ड वितळला.

वायरमन: याहून वाईट म्हणजे ढिला जोड. सॉकेटच्या आतला स्क्रू सैल झाला, पितळ काळं पडलं, आणि त्या जागी अर्धा ओहम रोध आला असं धरा. गिझरच्या करंटला तिथे किती उष्णता निघेल?

बाई: ८.७ चा वर्ग, त्याचं अर्धं. सुमारे ३८ वॅट.

वायरमन: पंचवीस वॅटच्या सोल्डरिंग आयर्नवर कथील वितळतं. इथे ३८ वॅट एका स्क्रूच्या टोकावर, प्लॅस्टिकच्या डबीत. आणि एमसीबीच्या दृष्टीने करंट वाढलेला नाहीच. उलट रोध वाढल्यामुळे किंचित उतरलाच आहे. म्हणून मी सांगतो, सॉकेट गरम लागलं, पिन काढल्यावर ती काळपट दिसली किंवा जळका वास आला, तर तो प्लग त्याच दिवशी बंद करा.

बाई: भाऊ, माझी बाजू माझ्याहून चांगली तुम्हीच मांडलीत. एकच प्रश्न उरतो. खांबावर न्यूट्रल तुटला तर?

वायरमन: त्यासारखा घात नाही. एका गल्लीत वेगवेगळी घरं वेगवेगळ्या फेजवर असतात. न्यूट्रल शाबूत आहे तोवर प्रत्येकाला २३०. तो सुटला की दोन घरं एकापुढे एक अशी दोन फेजांच्या मध्ये अडकतात, आणि दोन फेजांत ४०० व्होल्ट असतात.

बाई: आता एका घरात गिझर चालू आहे, साडेसव्वीस ओहम. दुसऱ्यात फक्त एक शंभरचा बल्ब, ५२९ ओहम. दाब रोधाच्या प्रमाणात वाटला जातो. गिझरवाल्याला जेमतेम वीस व्होल्ट, आणि बल्बवाल्याच्या वाट्याला सुमारे ३८०. त्या घरात टीव्ही असेल, फ्रिज असेल, तर तो जातो. आणि हे होताना करंट एक अँपिअरही नसतो, म्हणून एमसीबी जागचा हलत नाही. टीव्हीला एवढा दाब नको होता. तरी तो त्याच्यावर आला, शेजाऱ्याने गिझर लावला होता म्हणून.

वायरमन: त्यासाठी दाब चढला की लाइन तोडणारं यंत्र मिळतं, मी ते बसवायला सांगतो. पण लोक मीटरपुढचं काहीच आपलं मानत नाहीत.

बाई: आणि शेवटचं, ज्यासाठी मी एवढा वाद घालते आहे. माणसाचं शरीर कुठलाही करंट मागत नाही. लहान मुलाचा ओला हात उघड्या फेजला लागला, तर त्या वाटेचा रोध दीड हजार ओहम धरा. करंट दीडशे मिलिअँपिअर. हृदयाची लय बिघडवायला तेवढा पुरतो. १६ अँपिअरच्या एमसीबीला तो दिसणारही नाही, कारण त्याच्या लेखी हा एका जुन्या शंभरच्या बल्बपेक्षाही लहान लोड. पुरवठ्याला यंत्र आणि मूल यांतला फरक कळत नाही. वाट पुरी झाली की करंट वाहतो.

वायरमन: म्हणूनच ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट तो ताडून बघतो. वाटेत कुठे गळती झाली की क्षणात तोडतो. आणि तिसऱ्या पिनेचं अर्थिंग, म्हणजे गिझरच्या पत्र्यावर फेज आली तर ती माणसाच्या आधी जमिनीत जावी. लोक ती जाड पिन छाटून टाकतात, दोन पिनांच्या प्लगात बसावी म्हणून.

बाई: मग आता तरी म्हणाल का, की करंट यंत्र ठरवतं?

वायरमन: घर बांधताना सुरुवात मी यंत्रापासूनच करणार, बाई. वायर किती जाड घ्यायची ते आधी लोडच सांगतो, त्याला दुसरा उपाय नाही. पण गिऱ्हाइकाला 'यंत्र लागेल तेवढंच घेतं' एवढंच सांगून सोडायचं नाही, हे पटलं. त्याला अख्खी वाट दाखवायची.

बाई: आणि वर्गात मी भागाकार शिकवताना फळ्यावर नुसता एक रोध काढणार नाही. वायर, जोड, न्यूट्रल, शेजारचं घर, सगळं काढीन. मुलांना मोटारीचा आणि चार्जरचा अपवादही सांगीन, कारण आजच्या घरात तो अपवाद राहिलेलाच नाही.

दोन्ही बाजू इथे थांबतात. त्यांचं पूर्ण एकमत झालेलं नाही, आणि व्हायला हवं असंही नाही. वायरमनची बाजू घराची आखणी करायला लागते, बाईंची बाजू घरातला धोका ओळखायला. माझं मत विचाराल तर आपल्या घरांतून पहिली बाजू सगळ्यांना ठाऊक आहे आणि दुसरी फार थोड्यांना. म्हणून एमसीबी पडू लागला की कोणीतरी १६ काढून ३२ चा बसवतो, जुन्या किटकॅट फ्यूजमध्ये जाड तार गुंडाळतो, आणि लाइट गेली नाही म्हणून समाधान मानतो. त्या दिवशी भिंतीतल्या अडीच स्क्वेअरच्या वायरीचा राखणदार गेलेला असतो. एमसीबी पडला तर आधी त्या लाइनीवर काय काय लागलं आहे त्याची बेरीज करा. वॅटना २३० ने भागलं की अँपिअर मिळतात, हे गणित चौथीतलं मूलही करू शकतं. बेरीज जास्त भरली तर एक उपकरण दुसऱ्या लाइनीवर न्या. बेरीज ठीक असेल तर जोड, वायर आणि अर्थिंग तपासून घ्या, आणि घरात आरसीसीबी नसेल तर पुढची कुठलीही नवी वस्तू घेण्याआधी तो बसवा.